जामखेडच्या वाटेवर : हिशेब रुपयांचा आणि माणसांचा

मंडळाचा वार्षिक जमाखर्च वाचून दाखवण्याचे काम गेली अठरा वर्षे आमच्याकडे आहे. नोकरीने आम्ही कारकून, शिक्षणाने बी.कॉम., आणि स्वभावाने जरा काटेकोर. त्यामुळे पावती पुस्तक, कॅशबुक, व्हाउचर आणि ताळेबंद यांत कोणी बोट ठेवावे अशी वेळ आम्ही आजवर येऊ दिलेली नाही.

यंदाही जयंतीनंतरच्या रविवारी विहारात सभा भरली. आम्ही उभे राहून वर्गणी वाचली, मंडपाचा खर्च वाचला, अभ्यासिकेचे वीजबिल वाचले आणि शेवटी आमच्या अभिमानाची बाब वाचली : वह्यावाटप. किती वह्या घेतल्या, कोणत्या दराने घेतल्या, किती मुलामुलींना दिल्या. पै न् पै जुळली. टाळ्या पडल्या. एवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. चार घरची धुणीभांडी करतात. वस्तीत सारे त्यांना अक्का म्हणतात.

"भाऊ, हिशेब जुळला, चांगलं झालं," अक्का म्हणाल्या. "पण ज्या पोरींना वह्या दिल्या, त्या पोरींचं पुढं काय झालं, ते कुठं लिहिलंय?"

सभा गप्प झाली. अक्कांच्या मुलीने चार वर्षे आमच्या वह्या नेल्या होत्या. यंदा ती शाळेत नव्हती. सातवी झाली आणि घरी बसली. आमच्या अहवालात मात्र ती चार वेळा 'लाभार्थी' म्हणून मोजली गेली होती.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे आमची संस्था नोंदलेली आहे. दरवर्षी हिशेब तपासून घेतो, धर्मादाय कार्यालयात दाखल करतो. त्या कार्यालयात 'चेंज रिपोर्ट' नावाचाही एक कागद असतो; पण तो विश्वस्त बदलले की भरायचा. ज्यांच्यासाठी विश्वस्त नेमले त्या माणसांच्या आयुष्यात काय बदल झाला, याचा रिपोर्ट कोणी मागत नाही आणि आम्हीही कधी लिहिला नव्हता.

आमच्या मंडळात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना आम्ही ही टोचणी सांगितली. ते म्हणाले, "अहो, बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, ते कशावर? मुंबई इलाख्यात आपल्या मुलांच्या शिक्षणाची काय स्थिती आहे, यावर. त्यात नुसती तक्रार नाही, आकड्यांची कोष्टके आहेत. आपण मात्र भाषणात त्यांचे नाव घेतो आणि अहवालात वह्या मोजतो." मग जरा थांबून म्हणाले, "जामखेडला जाऊन येऊ. तिथे माणसे मोजायची रीत पन्नास वर्षांपासून आहे."

असे आमचे जामखेडला जायचे ठरले. आम्ही, गुरुजी, महिला मंडळाच्या ताई, आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्या अक्का. अक्का आधी नको म्हणाल्या. दोन दिवसांचा खाडा कामावर परवडत नाही म्हणाल्या. महिला मंडळातल्या दोघींनी त्यांची घरे वाटून घेतली, तेव्हा त्या तयार झाल्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपरीहून पहाटेची एस.टी. धरली. बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे (२०२३ पासूनची ही सवलत) आणि गुरुजींचेही वय झाल्यामुळे पूर्ण तिकीट एकट्या आमचेच. "चौघांत एकच पूर्ण माणूस," असे म्हणून ताई हसल्या. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून चहा घेतला आणि जामखेडची गाडी पकडली. नगर शहर आणि जिल्हा यांचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्यांच्यावरून झाले त्या अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातलेच.

नगर सोडले की रस्ता कडा, आष्टी करीत बीड जिल्ह्यातून जातो आणि पुन्हा नगर जिल्ह्यात शिरतो. खिडकीतून दिसतात ती उघडी माळराने, काळ्या रानात उरलेली ज्वारीची धसकटे, रचून ठेवलेल्या कडब्याच्या गंजी आणि कोरडे ओढे. हा अवर्षणाचा टापू. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे नुकतीच परतलेली होती. आष्टीच्या स्टँडवर एक जोडपे चढले, बरोबर दोन पोरे, एक भांड्यांचे बोचके. अक्कांनी सरकून जागा दिली आणि विचारले, "पोरं शाळेत जातात का?" बाई म्हणाली, "गावात असलं की जातात." अक्कांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहिले.

दुपारी जामखेडला पोचलो. ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा पत्ता विचारावा लागला नाही. "आरोळे डॉक्टरांकडे ना?" असे रिक्षावालाच म्हणाला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी नेवाशाजवळ वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की तीच माणसे तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतात. औषधाने माणूस बरा होतो, पण ज्या घरात, ज्या पाण्यावर तो आजारी पडला तिथेच परत जातो. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे १९७० साली जामखेडला आले. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवले आहे.

आमच्या वाचकांना जवळची वाटेल ती गोष्ट पाण्याची. डॉक्टर दवाखाना काढायला आले होते, पण गावोगाव लोकांनी सांगितले की आधी पाणी आणि पोटाला अन्न. तो काळ १९७२ च्या दुष्काळाचा. तेव्हा लहान मुलांसाठी गावातच अन्न शिजवण्याची सोय झाली आणि कूपनलिका खोदण्याचे ठरले. या कूपनलिका दलित वस्तीत घ्यायच्या, असा आरोळे दांपत्याचा आग्रह होता. हातपंप बसला तो आपल्या वस्तीत. आता सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यायचे. महाडला १९२७ साली ज्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेच पाणी इथे हातपंपाच्या दांड्याने सगळ्यांना एका रांगेत आणत होते. गुरुजी हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत.

कारकून म्हणून आम्हांला यात दुसरीही एक गोष्ट दिसली. 'गावात एक हातपंप बसवला' एवढे लिहिले असते तरी अहवाल पूर्ण झाला असता आणि देणगीदारही खूश झाला असता. पण तो कुठे बसवला, त्याचे पाणी कोण भरते, कोणाला ताटकळत उभे राहावे लागते, हे प्रश्न आधी विचारले म्हणून त्या हातपंपाचा अर्थ बदलला. काम सुरू करण्याआधीचा विचार तो हाच. तो खर्चाच्या पावतीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट आरोग्य कार्यकर्त्यांची. सुरुवातीला शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, पण गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. त्यांना जामखेडला बोलावून शिकवले. एकत्र राहणे, एकत्र जेवणे हा शिक्षणाचाच भाग होता. स्वच्छ बाळंतपण कसे करावे, नाळ कशी कापावी, हगवण लागलेल्या लेकराला मीठसाखरेचे पाणी कसे पाजावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. आणि मोजायला शिकल्या : गावात कोण गरोदर आहे, कोण जन्मले, कोण दगावले, कोणाला लस राहिली.

आम्ही त्या संध्याकाळी अशा एका जुन्या कार्यकर्तीला भेटलो. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण. अक्का आणि त्या पाच मिनिटांत गाववाल्या असल्यासारख्या बोलू लागल्या. अक्कांनी विचारले, "मावशी, तुम्हांला लिहाया येत नव्हतं, मग वहीत कसं लिवलं?"

"पयल्यांदा डोक्यात ठेवायचे," मावशी म्हणाल्या. "आठवड्याला जामखेडला आलं की सांगायचं, ते लिहून घ्यायचे. मग हळूहळू आपणच लिहाया लागले."

ताईंनी विचारले, "मूल दगावलं तर तेही सांगायचं?"

"तेच तर आधी सांगायचं, पोरी. लपवावंसं वाटायचं. आपल्याच कामाला बट्टा वाटायचा. पण मेलेलं लेकरू सांगितलं नाही, तर का मेलं ते कळत न्हाई. मग पुढल्या साली तसंच दुसरं मरतंय."

आम्ही वही काढून हे वाक्य तिथल्या तिथे उतरून घेतले. आमच्या मंडळाच्या अहवालात आजवर एकही अपयश लिहिलेले नव्हते. शाळा सोडलेली एकही मुलगी नव्हती. म्हणूनच तशा मुली दरवर्षी पुन्हा निपजत होत्या.

आता थोडा आकड्यांचा भाग. वाचकांनी कंटाळू नये. आम्ही सोपा करून सांगतो. हजार मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली जितकी पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावली, त्या आकड्याला बालमृत्यू दर म्हणतात. जामखेडच्या गावांत १९७१ साली तो १७६ होता. म्हणजे दर सहा पाळण्यांतला जवळजवळ एक पाळणा रिकामा होत होता. पुढे काम वाढत गेले आणि १९९० च्या दशकात हा आकडा वीस-पंचवीसच्या आसपास आला. हे सांगता येते, याचे कारण १९७१ चा आकडा हातात आहे. पहिल्याच वर्षी मोजले नसते, तर आज कोणी कितीही मोठे भाषण केले तरी 'फार सुधारणा झाली' यापलीकडे काही सांगता आले नसते. काम सुरू करण्याआधी मोजा, हा पहिला धडा.

पण बी.कॉम.च्या डोक्यात लगेच शंका आली. १७६ वरून पंचविसावर आला, हे सगळे श्रेय या कामाचेच का? त्याच काळात रस्ते झाले, सरकारी लसी आल्या, शाळा वाढल्या. साऱ्या देशातच बालमृत्यू कमी झाले. भारताचा दर १९७१ साली १२९ होता, तो २०११ पर्यंत ४४ वर आला. पूर आला की सगळ्याच होड्या वर उचलल्या जातात. आपली होडी आपण वल्हवल्यामुळे किती पुढे गेली, हे कसे कळावे?

ही शंका आमच्या आधी शहाण्या माणसांना आलेली होती. संशोधकांनी जामखेडच्या प्रकल्पातली गावे आणि त्याच भागातली, प्रकल्पात नसलेली गावे यांची तुलना केली. घरोघर आयांना विचारले, किती मुले झाली, किती राहिली. हा अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आला. निष्कर्ष असा की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुले दगावण्याचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. ढोबळ मानाने सांगायचे, तर शेजारी जिथे शंभर मुले दगावली असती तिथे इकडे सत्तर.

कोणी म्हणेल, एवढेच? १७६ वरून पंचवीस हे ऐकायला किती भव्य, आणि ३० टक्के किती लहान! पण आम्हांला उलटे वाटले. पहिल्या आकड्यात काळाचा वाटा आहे, सरकारचा वाटा आहे, सगळ्यांचा वाटा आहे. दुसरा आकडा त्या बायांच्या कामाच्या जवळचा आहे. शंभरांतली ती तीस लेकरे कोणाच्या तरी घरी जेवताहेत, शाळेत जाताहेत. दुसऱ्याचे श्रेय काढून ठेवले, तरी उरते ते खरे.

गडचिरोलीतही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच रीत आणखी कडक पाळली. तिथे तुलना मागाहून नव्हे, आधीपासूनच आखली. ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायची आणि ४७ गावांत फक्त नोंद ठेवायची, असे १९९३ पासून ठरवून केले. आधी दोन्हीकडचे मृत्यू मोजले, मग काम सुरू केले. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूत तुलनेने ६२ टक्के घट दिसली आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे हे काम सरकारी धोरणापर्यंत पोचले. नुसती कळकळ असती तर पोचले नसते. कळकळीच्या हातात वही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत फिरण्याआधी खर्ड्याला जाऊन आलो. खर्डा जामखेड तालुक्यातच आहे. शाळेच्या पुस्तकात १७९५ ची खर्ड्याची लढाई शिकलो होतो, मराठे आणि निजाम यांची. किल्ला अजून उभा आहे. पण आम्ही किल्ला पाहायला गेलो नव्हतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून झाला, असा आरोप होता. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. आपल्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही.

आम्ही रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिलो. ताई म्हणाल्या, "ज्या तालुक्यात हातपंपावर सगळी गावं एका रांगेत आली, त्याच तालुक्यात हे व्हावं?" गुरुजी म्हणाले, "पाण्याची रांग मोजली गेली म्हणून ती दिसली. मनातली रांग कोणत्या रकान्यात लिहायची?"

आम्ही हे प्रकल्पाला दोष म्हणून लिहीत नाही. बाळाला वाचवणारी बाई साऱ्या तालुक्याच्या जातीचा जाब देऊ शकत नाही. पण मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की आपण जे मोजतो तेच आपल्याला दिसते. म्हणून वहीच्या शेवटी एक पान कोरे ठेवावे आणि त्यावर लिहावे : या वर्षी आपण काय मोजलेच नाही? पाच वर्षांचे झालेले मूल सतराव्या वर्षी जिवंत राहते का, हाही शेवटी त्याच हिशेबाचा भाग आहे.

परतीच्या गाडीत आम्ही गुडघ्यावर वही ठेवून रकाने आखले. गचके बसत होते, रेघा वाकड्या गेल्या. पण रकाने टिकले. पाच प्रश्न असे :

एक, आपण काय दिले? हे आजवर लिहीत आलो.

दोन, ज्याला गरज होती त्यालाच पोचले का? की जो पुढे उभा होता त्याला?

तीन, त्याने त्या माणसाच्या आयुष्यात काय बदलले? वर्षाने, दोन वर्षांनी जाऊन विचारले का?

चार, आपण काहीच केले नसते तर काय झाले असते? शेजारच्या वस्तीत, जिथे आपण जात नाही, तिथे काय झाले?

पाच, कोण सुटले? कोणाचे वाईट आपण लिहायचे टाळले?

घरी आल्यावर जूनचा पहिला पंधरवडा आम्ही यातच घालवला. मागच्या चार वर्षांच्या वाटपाच्या याद्या काढल्या. पाचवी ते सातवीत वह्या नेलेल्या मुलींची नावे वेगळी केली. ती ४६ निघाली. ताई, अक्का आणि महिला मंडळाच्या आणखी दोघी संध्याकाळी घरोघर गेल्या. पाच कुटुंबे वस्ती सोडून गेली होती. उरलेल्या ४१ मुलींपैकी १७ जणींची शाळा सुटलेली होती, आणि त्यांतल्या १४ जणींची सातवीनंतर.

अक्कांनी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला : "का सुटली?" वह्या नव्हत्या म्हणून, असे एकाही घरी सांगितले नाही. आमच्या वस्तीतली शाळा सातवीपर्यंत आहे. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे. सकाळी सहाला घर सोडायचे, अंधारात रस्ता ओलांडायचा, वाटेत टपरीवर पोरांची टोळकी. आयाबाप कामावर. "पाठवायचं कोणाच्या भरवशावर?" हे एकच उत्तर वेगवेगळ्या तोंडांनी चौदा वेळा मिळाले. ताईंनी मग शेजारच्या वस्तीत, जिथे आम्ही कधी वह्या वाटल्या नाहीत, तिथेही चौकशी केली. तिथेही तेच चित्र. सातवीनंतर साधारण तितक्याच मुली घरी.

म्हणजे आमच्या वह्यांनी काय फरक पडला? या एका बाबतीत, काहीच नाही.

हे आम्ही कमिटीत वाचून दाखवले तेव्हा आमचे खजिनदार चिडले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही उन्हातान्हात वर्गणी मागत फिरलो ते फुकट?" त्यांचा आवाज कापत होता. ते बारा वर्षे फिरले आहेत, चपला झिजवल्या आहेत. आम्हांलाही वाईट वाटले, कारण त्या याद्या आमच्याच अक्षरातल्या आहेत. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अक्का म्हणाल्या, "फुकट कशाला? वह्यांमुळं नावं तर सापडली. नावं नसती तर कोणाच्या दारात गेलो असतो?"

त्या बैठकीत ठरले ते थोडक्यात सांगतो. वह्या यापुढे मागेल त्याला नव्हे, गरज पाहून. वाचलेल्या पैशातून आणि महिला मंडळाच्या श्रमातून सकाळची सोबत : आठवीपासूनच्या मुली एका वेळी विहारापाशी जमतील, आणि आळीपाळीने दोन मोठ्या बाया त्यांना हायवेपलीकडे शाळेच्या दारापर्यंत पोचवतील. रस्ता ओलांडण्याच्या सोयीसाठी महापालिकेला अर्ज. तो अर्ज आम्ही लिहिला आहे, आवक क्रमांकासह प्रत फायलीत आहे. आणि काम सुरू करण्याआधी, आज किती मुली आठवीत जातात, त्याची नोंद. शेजारच्या वस्तीचीही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेही सोबत सुरू करू; तोवर तुलना आपोआप होईल.

हे यशस्वी होईल का, आम्हांला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात नऊ मुली आल्या, दुसऱ्या आठवड्यात पावसात सहाच. दोन्ही आकडे लिहिले आहेत.

अक्कांची मुलगी सध्या एका पॅकिंगच्या कारखान्यात जाते. शाळा सुटून फार दिवस झालेले नाहीत. परत घेतील असे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले आहे. नाहीच जमले, तर वय झाल्यावर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, हेही आम्ही तिला समजावले. ती "बघू" म्हणाली. वहीत तिच्या नावापुढचा रकाना अजून कोरा आहे. अक्का दर रविवारी येऊन तो पाहतात.

बंधुभगिनींनो, गावोगावच्या मंडळांनी, विहार समित्यांनी, महिला मंडळांनी हे करून पाहावे. त्याला डॉक्टर लागत नाही, संगणक लागत नाही. दोनशे पानी वही, पाच रकाने आणि दारोदार जाऊन वाईट बातमी ऐकून घेण्याची तयारी एवढेच लागते. पुढच्या जयंतीनंतरच्या सभेत आम्ही दोन हिशेब वाचणार आहोत. पहिला रुपयांचा, तो जुळेल, याची आम्हांला खात्री आहे. दुसरा मुलींचा. तो जुळला नाही, तर तेही त्याच सभेत, त्याच आवाजात वाचू.